हेमंतले काहून काढलं?

रामाकोना,
११ सप्टेंबर १९८९

प्रिय हेमंत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी उर्मिलावहिनींना हाक मारशील आणि म्हणशील, पाहा, मास्तरले काय झालं, दोन तासांवर राहते अन् पत्र लिहिते. हाक मारू नकोस. गोदामात मागे जा, पेट्यांवर बस आणि एकट्यानं वाच. पोळ्याच्या दिवशी मोतीरामच्या टपरीवरून मी अर्धा चहा टाकून उठलो, तेव्हा तू मागून ओरडला होतास, "काय बे, पोट बिघडलं का?" मी नुसता हात हलवला आणि बसस्टँडकडे चालायला लागलो. पोट ठीक होतं. काय बिघडलं होतं ते आज लिहायला बसलोय. हा चौथा कागद आहे, पहिले तीन चुलीत गेले.

त्या बास्केटबॉलच्या मॅचला आठ वर्षं झाली. छिंदवाड्याच्या ज्या पोरांनी आपल्याला फायनलमध्ये हरवलं ती आता कुठे बाबू, कुठे मास्तर होऊन टक्कल मिरवत असतील. मोतीरामकडे मात्र ती मॅच अजून चालूच आहे. दर पोळ्याला मी सावरगावला आईकडे येतो, बैल ओवाळून झाले की पूल ओलांडून तुमच्या पांढुर्ण्याच्या काठावर येतो, आणि बाकावर टेकतो न टेकतो तोच कोणीतरी विचारतो, "सात पॉइंटनं पुढे होतो, पाच मिनिटं राहिले होते, तं हेमंतले काहून काढलं?" झालं. यशवंतराव पोस्टमास्तर चष्मा पुसायला घेतात. मोतीराम कोणी न सांगता पाच ग्लास मांडतो. काठोकाठ भरलेला ग्लास म्हणजे तू. तो उचलून यशवंतराव बाजूला ठेवतात आणि त्या जागी एक कानतुटका कप ठेवतात. तो मी. आठ वर्षांत ग्लास बदलले, कप तोच आहे. मोतीराम तो खास माझ्यासाठी जपून ठेवतो, अशी मला दाट शंका आहे.

यशवंतरावांचं मत पहिल्या दिवसापासून एकच. "माणूस सौंसरचा. पांढुर्ण्याचं नाक वर झालेलं त्याले पाहवलं नाही." घाटोडे सर सौंसरच्या शाळेत पी. टी. शिकवायचे आणि दुपारची बस धरून आपल्या कॉलेजच्या टीमला शिकवायला यायचे, एवढाच काय तो गुन्हा. कापसाच्या जिनिंगमधला गुणवंता म्हणतो, प्रभाकर सरांचा डबा धुऊन द्यायचा, त्या डब्याला जागून सरांनी त्याला घातलं. डबा मी धुवायचो हे खरं आहे. मोतीराम स्वतःला फार तटस्थ समजतो. त्याच्या मते सरांना तुला दोन मिनिटं दम खाऊ द्यायचा होता आणि परत आत घालायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. "घाबरला होता गा तो माणूस. हात थरथरून राहिले होते त्याचे, मी पाहिलं ना." त्या बाकावर इतक्या वर्षांत खरं असं एवढंच बोललं गेलंय. सरांचे हात थरथरत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, मला माहीत आहे. मग सगळ्यांचं बोलून झालं की ते तुझ्याकडे बघतात. तू तो भरलेला ग्लास उचलतोस, पितोस आणि म्हणतोस, "मले तं आजपर्यंत नाही समजलं बाप्पा." सगळे हसतात. मीही हसतो. दर वर्षी हसलो, हेमंत.

तुला मात्र त्यातलं हसणं कधी परवडलं नाही, हे मला ठाऊक आहे. रेल्वेच्या टीमसाठी पोरं हेरायला नागपूरहून दोघं आले होते आणि टेबलामागे खुर्च्या टाकून बसले होते. अर्धी मॅच झाली तेव्हा त्यांच्या वहीत तुझा नंबर लिहिलेला आपल्या सगळ्यांना दिसला होता. शेवटची पाच मिनिटं त्यांनी तुला बाकावर टॉवेल चावत बसलेलं पाहिलं, आणि वही मिटून ते गाडीला निघून गेले. सर त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावत गेले होते. काय बोलले ते कोणी ऐकलं नाही. परत आले आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "एक महिना मैदानावर पाय ठेवायचा नाही. बॉलला हात लावला तर टीममधून काढीन." तू महिनाभर घरी खाटेवर पडून राहिलास. देवकाकाकू तुला ताट वाढायच्या आणि वाढता वाढता सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. महिना संपला तेव्हा सरच नव्हते. कॉलेजनं त्यांना येऊ नका म्हणून कळवलं होतं. कोणीतरी रिंगच्या खांबाला त्यांच्या नावाची पाटी लावून फाटक्या जोड्यांचा हार घातला होता. सर सामान न्यायला आले तेव्हा त्यांनी तो हार काढला, दोरी सोडवली आणि जोडे जोडीजोडीनं लावून खांबाखाली नीट ठेवले, कोणाला लागले तर असू द्या म्हणून. नंतर बस येईपर्यंत ते मोतीरामच्या टपरीसमोर उभे राहिले, आणि त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मीही त्या बाकावरच होतो.

त्यांची बातमी तू कधी विचारली नाहीस आणि मी कधी सांगितली नाही. आज सांगतो. शिवरात्रीच्या आसपास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. सौंसरला त्यांच्याच घरी असतात. मी शनिवारी शाळा सुटली की छोट्या गाडीनं सौंसरला उतरतो आणि त्यांच्याकडे जाऊन बसतो. घरी मंगलाला सांगतो, जामसांवलीला मारुतीला जातो. तसा जातोही, पण आधी सरांकडे. सरांच्या घरच्या विजयाकाकू चहा करतात, मी सरांचा चेहरा पुसतो, पाय चेपतो. बोलणं फारसं होत नाही. पण दर शनिवारी एक गोष्ट होतेच. काकूंच्या पानाच्या डब्यातल्या पाच सुपाऱ्या ते मागून घेतात आणि डाव्या हातानं चादरीवर मांडतात. दोन पुढे, एक मध्ये, दोन मागे, जसं आपल्याला शिकवायचे तसं. मग पुढची डावीकडची सुपारी उचलतात. तुझी जागा. ती मुठीत धरून बसतात, बराच वेळ. मग परत ठेवतात. पुन्हा उचलतात. पुन्हा ठेवतात. कधी कधी माझ्याकडे बघून विचारतात, एकेक अक्षर ओढत, "पोरगा... धडधाकट... होता ना?" काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "सुनेचं नाव इसरले, स्वतःचा वाढदिवस इसरले, हे एक नाही इसरत हो." सर तुला काढून चुकले का, हे आठ वर्षं मोतीरामच्या टपरीवर चाललंय असं आपण समजत होतो. तेच सरांच्या चादरीवरही चाललंय, आणि तिथं त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

माझ्या शाळेत बास्केटबॉलची रिंग नाही, हे तू एकदा येऊन बघून गेलास आणि मला शिव्या दिल्यास. आमच्या हेडमास्तरांना एक आयती मिळत होती. मी म्हटलं, पोरांना खो-खोच बरा. खरं सांगायचं तर सिमेंटवर बॉल आपटल्याचा आवाज आला की माझा फळ्यावरचा हात थांबतो. मागच्या वर्षी एक पोरगी वर्ग चालू असताना कुठलातरी रबरी चेंडू व्हरांड्यात आपटत होती. टप, टप, टप. मी तिथंच खडू धरून उभा. पोरं वाट बघत राहिली, मग आपसात कुजबुजायला लागली. मला दिसत होती ती आपली शेवटची वीस सेकंदं, एका पॉइंटनं मागे, माझ्या हातात बॉल, फाउल झाल्यामुळं मिळालेले दोन फ्री थ्रो, आणि चारी बाजूंनी अख्खं पांढुर्णं श्वास धरून उभं. दोन्ही चुकले. तुला वाटतं माझ्या मनाला ते लागून राहिलंय. त्या दोन चुकलेल्या बॉलचं मला आज काहीसुद्धा वाटत नाही. मी घाबरतो तो त्याच्या आधीच्या गोष्टीला.

तर आता मॅचच्या दिवशीचं, बाकावरचं ऐक. गोटमारीपासूनचा सतरावा दिवस होता, गणपती बोळवून झाले होते, पितृपक्ष लागला होता. सकाळच्या सरावाला पंपामागे जाऊन तू उलटी केलीस. मी पाणी घेऊन आलो तेव्हा हसत होतास. म्हणालास, "दोन-दोन रिंगा दिसून राहिल्या बे. मी मधातल्या हवेत टाकतो, जाते बरोबर." आणि कॉलर धरून मला दम दिलास, की सरांना कळलं तर बघ. गोटमारीत नदीच्या पात्रात गोटा तुझ्या डोक्याला लागला होता हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. चंडीच्या देवळातला अंगारा लावला होतास, टोपी घालून हिंडत होतास, आणि गोटमारीची जखम म्हणजे कोणी डॉक्टरकडे घेऊन जायची वस्तू नव्हे, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सरांना मात्र कळायचं कारण नव्हतं. ते सौंसरचे. त्यांना टोपी म्हणजे फॅशन वाटली होती.

मॅचमध्ये पाच मिनिटं राहिली असताना छिंदवाड्याच्या त्या उंच पोराचं कोपर तुझ्या कानामागे बसलं. तू पडलास, लगेच उठलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तू उठून उलट्या बाजूला तोंड करून उभा होतास, हेमंत. आपल्याच रिंगकडे बघत होतास, जत्रेत हात सुटलेलं पोर उभं राहतं तसा. एक क्षण, दोन क्षण. मग कोणीतरी हाक मारली आणि तू वळलास. बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. मी सरांना सांगितलं, "सर, याच्या डोक्याला गोटा लागलेला आहे. सकाळी उलटी झाली. दोन-दोन दिसते त्याले." सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "खरं?" मी हो म्हटलं. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले. जबलपूरला ते शिकायला होते तेव्हा त्यांच्या खोलीतला एक मुलगा डोक्याला मार बसल्यावर तसाच खेळत राहिला होता आणि दुसऱ्या मारानंतर उठलाच नाही, हे मला काकूंनी फार नंतर सांगितलं. सर उठले, टेबलाकडे गेले, तुला बाहेर बोलावलं. फाटकापर्यंत धावत गेले ते त्या रेल्वेवाल्यांना सांगायला, की पोरगा चांगला आहे, मीच डाव चुकलो. डोक्याचं नाव काढलं असतं तर त्यांनी तुला कायमचं खोडलं असतं. म्हणून सरांनी आपलंच नाव खोडून घेतलं. आणि मैदानबंदीचा तो महिना म्हणजे शिक्षा नव्हती. तुला पडून राहा म्हटलं असतं तर तू राहिला असतास का? तुला रागावून खाटेवर पाडायला हवं होतं, तसं त्यांनी पाडलं. मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तू सांगितलं हे कोणाला कळणार नाही." आणि तो शब्द त्यांनी पाळला. जोड्यांचा हार उतरवतानाही पाळला.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, प्रभाकरनं माझा जीव वाचवला आणि लाजून गप्प राहिला. थांब. मी सरांशी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा माझा हात आधीच वरच्या शर्टाची बटणं सोडत होता. आतल्या बनियनवरचा नंबर बाहेर आलाही होता. म्हणजे तुला काढतील आणि मला घालतील, हे माझ्या हाताला माझ्या तोंडाआधी कळलं होतं. अख्ख्या टुर्नामेंटमध्ये मी मिनिटभरही खेळलो नव्हतो. उलटी सकाळी झाली होती, मग सकाळीच का नाही सांगितलं? तू दम दिलास म्हणून? तुझ्या दमाला मी कधी भीक घातली होती? तुझी काळजी म्हणून बोललो की तुझी जागा हवी होती म्हणून, यावर माझ्याही डोक्यात एक टपरी चालते. फरक एवढाच, की त्या बाकावर मी एकटा बसतो आणि कोणीच हसत नाही.

पुढे जे दिसत गेलं त्याच्याच भरवशावर मी आठ वर्षं गप्प राहिलो. तू ठणठणीत होतास. लग्न केलंस, पोरगी झाली, संत्र्याचा धंदा वाढवलास, भरलेली पेटी एका हातानं उचलत होतास. मला वाटायचं, तुझ्या डोक्याला तेव्हा काही झालंच नव्हतं, मी उगाच सरांच्या कानाला लागलो आणि सर उगाच बदनाम झाले. सरांनाही तेच वाटतं. धडधाकट पोराला काढलं, त्याची रेल्वे घालवली. अन् मग या पोळ्याला तू टोपी मागे सारून सगळ्यांना सांगायला लागलास, की आषाढात फाटकाजवळ लुनावरून घसरलो, घरच्यांनी नागपूरला नेलं, डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला आणि विचारलं, हे जुनं हाड कधी तडकलं? "मी म्हटलं, गोटमारीचा प्रसाद हाय तो, एक्क्याऐंशीचा! तं म्हणते कसा, त्या महिन्यात आणखी एक जोराचा टोला बसला असता तं आज हे सांगाले इथं बसला नसता." आणि तू डोक्यावरची खाच दाबून दाखवलीस, डाव्या भांगाच्या खाली. यशवंतराव म्हणाले, मजबूत खोपडी आहे पांढुर्ण्याची. सगळे खो-खो हसले. पाच ग्लास अजून मांडलेलेच होते आणि कोणालाही, तुलाही, दोन गोष्टी एकत्र जोडता आल्या नाहीत. कशा येतील? मधला दुवा मी होतो आणि मी चहा पीत होतो. तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीला मी थांबलो नाही. गेली आठ वर्षं थांबत नाही. आईची तब्येत, शाळेची परीक्षा, काही ना काही सांगतो. नदीच्या एका काठाला आम्ही सावरगाववाले, दुसऱ्या काठाला तुम्ही, मधे जामच्या पात्रात रोवलेला पळस आणि त्यावरचा झेंडा. दिवसभर एकमेकांना गोटे मारायचे आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी जाऊन विचारपूस करायची. आणि गोटा कोणाचा होता हे विचारायचं नाही. लागलेल्यानं विचारायचं नाही, मारणाऱ्यानं सांगायचं नाही. ही रीत वैर राहू नये म्हणून कोणा शहाण्यानं घालून दिली असेल. मी तिच्यामागे आठ वर्षं लपलो. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सरांनी पहिल्या पाचांची नावं वाचली होती. त्यात तू होतास, मी नव्हतो. तिसऱ्या दिवशी तू कमरेएवढ्या पाण्यातून झेंड्याकडे येत होतास, कॉलेजचा निळा बनियन घालून. मला काठावर पाहिलंस आणि हसून ओरडलास, "मार बे परभ्या, नेम दाखव!" हजार गोटे उडत होते, कोणाचा कुठे पडला हे देवालाही सांगता आलं नसतं, असं मी मला किती वेळा सांगितलं असेल. पण आपण दोघं रिंगवर बॉल टाकत मोठे झालो. हातातून सुटताना कळतं, जाणार की नाही. मला कळलं. मी खांद्यावर नेम धरला होता. हो, नेम धरला होता. एखादा महिना हात उचलता येऊ नये, एवढंच मनात होतं. तू खाली वाकलास आणि खांदा होता तिथं डोकं आलं. संध्याकाळी मी तुझ्या घरी आलो, अंगाऱ्याची पुडी मीच देवकाकाकूंच्या हातातून घेतली आणि तुझ्या डोक्याला लावली. तुझ्या केसांतलं रक्त माझ्या नखात अडकलं होतं. ते धुतलं गेलं, पण मी अजूनही वर्गात पोरांच्या वह्या तपासताना मधेच ती नखं बघतो.

परवा शनिवारी मी सरांना डॉक्टरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डाव्या हातानं माझा हात थोपटला आणि म्हणाले, "राहू दे." त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतोय. मग पुन्हा सुपारी उचलली, पुन्हा ठेवली. काकू म्हणाल्या, अन्न कमी झालंय, डॉक्टरनं मुलाला बोलावून घ्या म्हटलंय. म्हणून हे पत्र, हेमंत. माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर, तोंड दाखवू नकोस म्हणालास तर दाखवणार नाही. मोतीरामला हे पत्र वाचून दाखवलंस तरी माझी ना नाही, तो कप त्यानं फोडावा किंवा ठेवावा. पण येत्या रविवारी सौंसरला ये. गोटमारीचा सतरावा दिवस आहे. सकाळच्या पहिल्या बसपासून मी स्टँडवर उभा राहीन, आणि तुला घर दाखवून बाहेरच थांबेन. आत गेलास की काही बोलू नकोस, मॅचचं नाही, रेल्वेचं नाही, त्यांना ऐकलेलं आता पटत नाही. खाटेच्या डाव्या बाजूला खाली बस, टोपी काढ आणि डोकं त्यांच्या हाताखाली दे. ती खाच त्यांच्या बोटांना लागू दे. त्यांना ती कशाची आहे ते कळेल, आठ वर्षं ते तीच शोधत आहेत. चादरीवर सुपाऱ्या मांडलेल्या असतील. पुढची, डावीकडची, ती तू आपल्या हातानं उचल आणि बाहेर ठेव.

तुझाच म्हणवून घ्यायचं की नाही, हे तुझ्यावर सोडून,
प्रभाकर